पंचकाका आणि कोंढ्याचा कॅप्टन

पहिल्यांदा मी त्याला पाहिलं तेव्हा तो धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या चिंचोळ्या बांधावर, एका पायावर उभा होता, आणि मला शिव्या देत होता.

म्हणजे... मलाच देतोय हे त्याला माहीत नव्हतं.

पोळा नुकताच झाला होता. छत्री उघडावी तर लाज वाटते आणि न उघडावी तर केस चिपचिप होतात, असला बारीक पाऊस. आसगावचं नेटवर्क सकाळपासून बेपत्ता. मी स्कूटी काढली आणि मोबाईलकडे बघत बघत कोंढ्याच्या रस्त्यानं निघाले. एका वळणावर सगळ्या दांड्या भरल्या. नेमका तिथेच हा उभा. दुसऱ्या पायातली चप्पल चिखलात रुतलेली, पण ती काढायला वाकलं की नेटवर्क जायचं, म्हणून बगळ्यासारखा स्थिर.

"थांबा, इकडे सरकू नका," तो म्हणाला. "तुम्ही मंधात आल्या का माही दांडी जाते."

"नेटवर्क काय तुमच्या बाबाचं हाय?"

"नेटवर्क नाही. बांधी हाय बाबाची."

मी धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. तो फोनमध्ये त्याच्या टीमला सांगत होता, "त्या पंचकाकाचं काही खरं नाही गा. मागच्या मॅचले आपण जरासे उशिरा आलो तं सरळ हरवलं. रिटायर मास्तर असन कोणीतरी. घरी बायको बोलू देत नसन, म्हणून आपल्यावर राग काढून राहिला."

मी शांतपणे मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या.

त्याचा फोन टिणकला. त्यानं मोठ्यानं वाचलं, "कोंढा संघास ताकीद. कॅप्टनने पंचांविषयी अपशब्द वापरले." मग त्यानं आभाळाकडे पाहिलं. बांधीकडे पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, तो अजून स्क्रीनवरच होता.

"मी तं आत्ताच... इथं..." तो थांबला. "तुम्ही?"

"चप्पल काढून घ्या," मी म्हटलं. "मॅच सुरू होऊन राहिली."

आता हे पंचकाका प्रकरण सांगितलंच पाहिजे.

आमच्या पवनी तालुक्यात गावोगावची पोरं मोबाईलवर एकच खेळ खेळायची. पाच जण विरुद्ध पाच जण, समोरच्याचा गड पाडायचा. खेळायची कमी आणि भांडायची जास्त. मी आसगावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम करते. फॉर्मवर सही नसली तर मी सरपंचबाईंनाही परत पाठवते, हा माझा लौकिक. म्हणून मीच लीग काढली. गावाची एक टीम, नियम ठरलेले, पंच मी. सुरुवातीला माझ्या नावानं आणि फोटोनं मेसेज टाकायचे, तर तक्रारींऐवजी गुलाबाची फुलं यायला लागली. कोणाला ताकीद, कोणी बाद, सगळ्यांचं उत्तर एकच, 'गुड मॉर्निंग जी'. मी 'नवे पंच आले' असं जाहीर केलं, नाव काढलं, फोटोच्या जागी बाबांच्या बैलाचा फोटो लावला आणि मेसेज तहसीलच्या भाषेत लिहायला लागले. आठवड्यात पोरं सरळ झाली. सणावाराला 'काका प्रणाम' यायला लागलं. एकानं तर विचारलं, काका, तुमच्या नात्यात लग्नाची पोरगी हाय का.

तो कोंढ्याचा कॅप्टन, भुपेंद्र. भंडाऱ्याला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, एसटीनं जायचा-यायचा. त्या दिवशी मॅच संपल्यावर चप्पल हातात घेऊन तो माझ्या स्कूटीपर्यंत आला.

"कोणाले सांगणार नाही," तो म्हणाला. "आईची शपथ."

"सांगाल तर दुसरी ताकीद."

"आणि नाही सांगितलं तं?"

"तर... पहिलीच राहील."

तो हसला. हसताना त्याचा एक गाल खाली जातो आणि एक तिथेच राहतो. हे मी नंतर पाहिलं असं म्हणायला हवं, पण मी तेव्हाच पाहिलं होतं.

आसगावचं नेटवर्क पुढेही वेळेवर गेलं. त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे. कोंढ्याची मॅच असली की तो धुऱ्याच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला. मधे धान पोटरीला आलं, मग लोंब्या धरल्या, मग पिवळं झालं. अंतर मात्र दर आठवड्याला कोणीतरी थोडंसं खात होतं. मी नव्हते. बहुतेक.

"मलेच काहून एवढ्या ताकिदी?" त्यानं एकदा विचारलं. "बाकीचेही उशिरा येतात, बाकीचेही शिव्या देतात."

"बाकीच्यांचं मला ऐकू येत नाही."

"म्हणजे जवळ उभं राहाची शिक्षा हाय ही?"

"दूर उभे राहा मग."

"नाही," तो म्हणाला. "शिक्षा चालते."

लीगचं वेळापत्रक करणं म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा कठीण. दिवाळीनंतर आमच्याकडे प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी. गावात जत्रा, दंडार, नाटक, घराघरात पाहुणे. मंडईच्या दिवशी त्या गावाचा कोणी मॅच खेळत नाही, आणि ज्यांची बहीण त्या गावात दिली आहे तेही खेळत नाहीत. एका टीमनं म्हैस व्यायली म्हणून तारीख मागितली. मी फोटो मागितला. त्यांनी पारडासकट पाठवला. तारीख दिली, आणि हरलेल्या टीमनंसुद्धा पारडाचं अभिनंदन केलं.

पण याच पोरांनी काय केलं ठाऊक आहे? कोंढ्याच्या एका खेळाडूचा हात मोडला, आणि त्याचं धान कापायला पवनीची अख्खी टीम आली. आदल्या दिवशी याच टीमनं त्याला खेळात धुऊन काढलं होतं. कापून आडव्या घातलेल्या त्या कडपांचा फोटो ग्रुपवर आला, तेव्हा बैलाच्या फोटोमागे बसून मी रडले. ही लीग माझी होती. आणि ती एकाच गोष्टीवर उभी होती, पंच फुटत नाही, यावर.

म्हणून भुपेंद्र एकदा धुऱ्यावर म्हणाला, "रिता, मले तुले काही सांगाचं..." तेव्हा मी मधेच तोडलं.

"फायनल होईपर्यंत नाही."

"का?"

"तुझी टीम फायनलमध्ये आहे. कोणाला कळलं, तर माझे सगळे निर्णय खोटे ठरतील. लीग संपेल, भुपेंद्र."

तो म्हणाला, "बरं. मंग काही काम तं सांग. रिकामं थांबता येत नाही मले."

काम मी सांगितलं. तिथेच घात झाला.

भंडारा पितळेचं गाव. बक्षीस म्हणून ढाल-बिल नको, पितळेचा गुंड द्यायचा असं ठरलं. पाणी भरायचा मोठा गुंड, आमच्याकडे लग्नात देतात तो. भुपेंद्र रोज भंडाऱ्याला जातोच, म्हणून ऑर्डर त्यानं द्यायची. नाव कोरणारे गोमाजी, वयस्कर माणूस. त्यांनी विचारलं, ऑर्डर कोणाची? यानं सांगितलं, भुपेंद्र, कोंढा. देणार कोण? यानं सांगितलं, रिता, आसगाव. गोमाजींनी मान डोलावली, आणखी काही विचारलं नाही. बिचाऱ्यांनी आयुष्यभर गुंडावर एकच मजकूर कोरलेला. एका गावचा मुलगा, दुसऱ्या गावची मुलगी, विचारायचं काय त्यात?

गुंड पेपरात गुंडाळून, सुतळीनं बांधून आला. कोणी उघडून पाहिला नाही.

फायनल आसगावच्या मंडईच्या दिवशी, दुपारी, संध्याकाळच्या नाटकाच्या स्टेजवर. आसगावचं नेटवर्कही त्या दिवशी पाहुण्यासारखं हजर होतं. मागे राजवाड्याचा पडदा, समोर अख्खा गाव. पंचकाका आज पहिल्यांदा दर्शन देणार म्हणून खुर्चीवर टॉवेल अंथरला होता, शाल-नारळ तयार होतं. कोणीतरी काकांसाठी बिनसाखरेचा चहासुद्धा आणला होता.

मी जाऊन खुर्चीवर बसले.

"ताई, ते काकाची जागा हाय," पवनीचा कॅप्टन कैलाश म्हणाला. तो लीगमधला सगळ्यात मोठा, दोन लेकरांचा बाप.

"मीच आहे," मी म्हटलं. "चहा इकडे द्या."

चहावाल्या पोरानं आधी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वेळ सावरायला सरपंच गिरजाबाई धावून आल्या. त्यांनी गुंडाची सुतळी तोडली, कागद फाडला, माईक तोंडाजवळ घेतला आणि खणखणीत वाचलं, "चि. सौ. कां. रिता, आसगाव, आणि चि. भुपेंद्र, कोंढा, यांच्या शुभविवाहानिमित्त सप्रेम भेट."

गर्दीत माझे बाबा केवळराम उभे होते. त्यांच्या हातातला चिवड्याचा पुडा तसाच राहिला. शेजारी माझी आई सुलोचनाबाई. ती बाबांना हळूच म्हणाली, पण माईकजवळ असल्यासारखं सगळ्यांना ऐकू आलं, "तुम्ही ठरवलं, आणि मले सांगतलं नाही?"

खालून एक मावशी वर आल्या आणि मला हळदकुंकू लावून गेल्या.

मग पोरांना समजलं. "पंच फुटला," मागून कोणी ओरडलं. "नवरा खेळते, बायको निकाल देते. कायची फायनल?" भुपेंद्र पुढे येऊन गोमाजींचं काय काय सांगायला लागला, पण खरं बोलणारा माणूस तोतरा झाला की जास्तच खोटा वाटतो. ज्याची भीती होती तेच, आणि तेही पितळेवर कोरून.

मी उठले. "दुसरा पंच निवडा," मी म्हटलं. "मी जाते."

"बसा," कैलाश म्हणाला. त्यानं खिशातून फोन काढला आणि माईक घेतला. "ऐका रे पोट्टे हो. या लीगमध्ये सगळ्यात जास्त ताकिदी कोणाले भेटल्या? या भुपेंद्रले. उशिरा आला, ताकीद. शिवी दिली, ताकीद. एकदा जांभई दिली म्हणून ताकीद हाय इथं. लग्नाले इतके वर्षं झाले, माह्या बायकोनं मले एवढं झापलं नाही. याले जर पिरेम म्हणत असतीन, तं असा पंच आपल्याले पाहिजेच." तो माझ्याकडे वळला. "बसा, काका."

आणि सगळी पोरं, आठ गावांची, जी इतके महिने माझ्यावर चिडत होती, ती म्हणायला लागली, "बसा काका, बसा." मी बसले. चहा प्यायले. बिनसाखरेचा इतका गोड चहा मी कधी प्यायले नाही.

मॅच सुरू झाली. कोंढ्यानं खेळ असा मांडला की पवनीची पोरं घामाघूम. शेवटी भुपेंद्र एकटा पवनीच्या गडासमोर पोचला. एक घाव, की संपलं. सगळा गाव स्टेजकडे सरकला.

आणि त्याचा फोन वाजला.

आसगावात नेटवर्क असो नसो, लग्नाची बातमी कोंढ्याला पोचायला नेटवर्क लागत नाही. स्क्रीनभर एकच शब्द आला, 'आई'. गड दिसेना, घाव बसेना. त्याचा वीर दारात उभा, आणि पवनीच्या पाचही जणांनी येऊन त्याला आडवा केला. मग सरळ चालत जाऊन कोंढ्याचा गड पाडला.

"पुन्हा खेळवा," कोंढ्याची पोरं म्हणाली. "फोन आला, त्यात आमचा काय दोष?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. नियम मीच लिहिला होता, खेळताना फोन बंद ठेवायची जबाबदारी ज्याची त्याची. ती नजर झेलून बोलणं, बाई गं... पण जी पोरं मघाशी 'बसा' म्हणाली होती, तीही समोरच होती.

"नियमाप्रमाणे मॅच पुन्हा होणार नाही," मी म्हटलं. "पवनी विजयी."

भुपेंद्र उठला. "मान्य," तो म्हणाला, आणि त्यानं कैलाशशी हात मिळवला.

फोन अजून वाजतच होता. त्यानं उचलला. गडबडीत माईकसमोरच.

"हो, आई... नाही, हरलो... हो, तिनंच हरवलं." थोडा वेळ तो ऐकत राहिला. "नाही, गुंडाचं खोटं हाय... पोरगी? पोरगी खरी हाय. नाही आई, मी अजून विचारलंच नाही... विचारतो ना. जरा दम तं धर."

खाली अख्खी मंडई ऐकत होती. नाटकवाल्यांनीही रंग लावायचा थांबवला होता.

कैलाश गुंड घेऊन पुढे आला. "हा घ्या तुमचा. दुसऱ्या बाईचं नाव असलेला गुंड मी घरी नेला, तं माही बायको मले त्याच्यातच बुडवन. आम्हाले जिलेबी द्या, चालते." त्यानं तो आमच्या दोघांच्या मधे ठेवला आणि टीमला घेऊन जिलेबीच्या दुकानाकडे निघाला.

बाबा स्टेजच्या कडेला आले. त्यांनी भुपेंद्रकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पोरीनं हरवलं, राग नाही आला?"

"आला होता, काका," भुपेंद्र म्हणाला. "पण तिचं बरोबर होतं."

बाबांनी चिवड्याचा पुडा त्याच्या हातात दिला. "घरी जेवाले ये. मंडईच्या दिवशी पाहुणा उपाशी जात नाही." आणि आईला घेऊन निघून गेले, न वळता. बाबांना एवढं मोठं भाषण करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही राजवाड्याच्या पडद्यापुढे उभे राहिलो. त्याच्या एका हातात चिवडा, एका हातात फोन; त्यानं दोन्हींची अदलाबदल केली.

"फायनल झाली," तो म्हणाला.

"झाली."

"आता बोलू?"

"सगळ्या गावानं ऐकलं की. आता काय राहिलं?"

"तुहं 'हो' राहिलं." त्याचा तो एक गाल खाली गेला. "रिता... माह्यासंग राहशील? जन्मभर ताकिदी दे. मी शिस्तीत घेईन."

मला आठ गावांचे, गोमाजींचे, त्या चिखलाचे, सगळ्यांचे एकदम आभार मानावेसे वाटले. शब्द मात्र एकच फुटला, तोही इतका बारीक की मलाच ऐकू आला नाही.

"हो."

"काय म्हटलं?" तो वाकला. "ऐकू नाही आलं."

"मले आलं," त्याच्या हातातल्या, अजून चालूच असलेल्या फोनमधून त्याची आई म्हणाली. "हो म्हणाली ते. तू जेवून ये सावकाश."