मी न गेलेलं घर

अहो, जरा जवळ सरका. हे मोठ्यानं सांगायचा धीर होत नाही आणि सांगितल्यावाचून राहवतही नाही!

मी आरोग्य केंद्राचं सर्वेक्षण करते. घरोघर जाऊन नऊ प्रश्न विचारायचे. झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन रमतं का. नववा सगळ्यात अवघड, जगणं नकोसं वाटतं का. त्या दिवशी टेकडीमागचं एकच घर राहिलं होतं. ऊन रणरणत होतं, पायांचे तुकडे पडले होते. म्हटलं, कोण बघतंय? झाडाखाली बसून मीच सगळं ठणठणीत असल्याची उत्तरं भरली आणि तिथूनच माझ्या घरी परतले.

आठवड्यानं केंद्रातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "ते टेकडीमागचं घर फेरतपासणीला काढलंय." भर दुपारी धावतच निघाले.

दारात एक मावशी बसल्या होत्या, ठेवणीतले कपडे घालून. मालक वारले, मुलं लांब शहरात, गुडघ्यांमुळे गावात जाणं बंद, हे मला नंतर कळलं. मला बघून त्यांचा चेहरा असा काही खुलला!

"आलीस? मी तयारच आहे."

"मावशी, आपण कधी भेटलो?"

"थट्टा करतेस होय गं? आठ दिवस रोज येतेस की! पहिल्या दिवशी ते नऊ प्रश्न विचारलेस. मी म्हटलं, हो, नकोसं झालंय. तर म्हणालीस, मग सोबतीला मी आहे. आज तळ्यावर न्यायचं कबूल केलंस ना..."

दारातून चिखलाचा ओला वास येत होता, बाहेर तर धूळ उडत होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं,

"मावशी... निघायचं ना?"

मी आत पाहिलं नाही. मावशींचा हात घट्ट धरला आणि ओरडले, "तळ्यावर नाही, दवाखान्यात!" माझ्या खांद्यावर भार देत चालताना वाटेत त्या रडल्या, मग बोलायला लागल्या, थांबेचनात. मी पहिल्यांदा कुणाचं तरी नीट ऐकलं. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं, मुलांना फोन लावला. काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं होतं! केव्हा एकदा घरी जाऊन नवऱ्याला सांगते असं झालं.

तो कामाला होता ते दूध केंद्र बंद पडल्यापासून, गेले सहा महिने, तो घरीच असतो. फारसा बोलत नाही. मला वाटायचं, स्वभावच तसा.

मी दार ढकललं. तो टेबलाशी बसला होता, समोर चहाचे दोन कप.

"काही विसरलीस का?" त्यानं विचारलं. "आत्ता तर उठून गेलीस."

"मी... काय बोलत होते रे?"

"ते नऊ प्रश्न विचारलेस ना." तो किती दिवसांनी हसला! "बरं वाटलं गं. मी सगळं खरं सांगून टाकलं."

मी दुसऱ्या कपाला हात लावला. तो अजून गरम होता.