बिनकलगीचा आयरिस

हार्लन पहिल्यांदा भेटला तोच चूक काढत. एप्रिलातला शनिवार होता, चर्चच्या मागच्या आवारात रोपांची अदलाबदल चालली होती, आणि डेसाने आपल्या परसातली वीतभर उंचीची आयरिसची फुलझाडं डझनभर कुंड्यांत मांडली होती. प्रत्येक कुंडीवर सुबक अक्षरात पट्टी... 'बिनकलगीचा'. बिनकलगीचा म्हणजे मानाचा. या डोंगरातल्या रानात तो दिसतो, पण परसात आणला की सहसा टिकत नाही.

खांदे वाकवून चालणाऱ्या त्या उंच माणसाने एक कुंडी उचलली आणि फुलात जवळजवळ नाकच खुपसलं.

"याला कलगी आहे," तो म्हणाला.

"नाहीये."

"खालच्या पाकळीवर बघा ना. पिवळा तुरा उठून आलाय. बिनकलगीच्याला तिथे नुसता नारिंगी पट्टा असतो, सपाट. आणि पानं याच्या निम्म्या रुंदीची."

डेसाने बघितलं. तुरा होता. पाच वर्षं ती त्या फुलाचा तोरा गावभर मिरवत होती! शेजारच्या टेबलावरच्या बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. ती रागारागाने पट्ट्या फाडायला लागली, तर हा शहाणा मदतीला आला आणि बाराच्या बारा पट्ट्या नीट घडी करून तिच्या हातात ठेवल्या.

पुढच्या शनिवारी तो तिच्या फाटकाशी हजर. डोंगरापलीकडच्या रोपवाटिकेत काम करतो म्हणाला, वाफा बघायचाय म्हणाला. बघितला, आणि तिने थंडीत मायेने पसरलेला पालापाचोळा दोन्ही हातांनी उपसून टाकला. हे कंद मातीवर उघडे पडलेले हवेत, झाकले की कुजतात, असं त्याचं म्हणणं. तेही खरं निघालं. हार्लनची हीच खोड वाईट होती, त्याचं सगळं खरं निघायचं.

असे दोन वर्षांचे शनिवार गेले. तो तिच्या हातचा गोड गार चहा प्यायचा. पेला देताना बोटाला बोट लागलं की त्याचे कान लाल व्हायचे... आणि मग तो मातीबद्दल बोलायचा. एकदा ती मुद्दाम नवा निळा फ्रॉक घालून आली, तर म्हणाला, सावलीतल्या कलगीवाल्याचा रंग अगदी असाच येतो. हे कौतुक होतं की काय होतं, यावर डेसाने एक अख्खा आठवडा डोकं खपवलं.

आणि या एप्रिलात पोस्टातल्या बाईंकडून कळलं, की हार्लनला व्हर्जिनियातल्या एका मोठ्या बागेने बोलावलंय, एक मेपासून. साऱ्या गावाला ठाऊक. हिला सोडून.

रविवारी तो आला, भुरभुर पावसात, छातीशी एक कुंडी धरून. खरा बिनकलगीचा. जांभळं फूल, त्यावर नारिंगी पट्टा. पाईनखालच्या आम्लधर्मी मातीत त्याने गुडघे टेकले, कंद अलगद वर ठेवला, आणि बोलत राहिला... पाणी फार नको, पाला नको, हलवू नको. डेसा वाट बघत उभी राहिली. आता बोलेल... आता बोलेल... तो उठला आणि गुडघे झटकायला लागला.

"थँक यू, हार्लन," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. दिलेल्या रोपाबद्दल आभार मानले की ते जगत नाही, हे या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"असं का म्हणालीस? शब्द परत घे."

"नाही घेत. मरू दे. मेलं की दुसरं लावायला तुलाच यावं लागेल."

"आणि तेही मेलं तर?"

"मग तिसरं. मी दर वेळी थँक यू म्हणेन. बघतेच तू व्हर्जिनियात किती दिवस राहतोस ते."

तो ओल्या पायरीवर मटकन बसला. खिशातून चुरगळलेलं पत्र काढलं. "मी अजून होकार कळवला नाहीये. दोन आठवडे झाले. म्हटलं, तू जाऊ नको म्हणालीस तर..."

"मी? मला सांगितलंस तरी का? देवाने तोंड काय फक्त फुलांची नावं सांगायला दिलंय तुला?"

हार्लनने मान खाली घातली. समोरच्या बारीक पानांकडे बघत, एकेक शब्द वेचत तो म्हणाला, "मला कुठेच जायचं नाहीये. मला तू आवडतेस, डेसा. पहिल्या दिवसापासून."

"ऐकलं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, तरी आवाज करडाच होता. "आता हेच परत सांग. पानांना नको, माझ्याकडे बघून सांग."

त्याने वर बघितलं. कान लालबुंद झाले, ओठ दोनदा हलले, पण शब्द काही फुटला नाही. आणि नवल म्हणजे, डेसाला या खेपेला त्याचा जराही राग आला नाही.