गाठ सैल असली की...

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय, आणि थापा मारणं तिच्या रक्तातच नाही.

ताई तेव्हा सर्जरी शिकत होती. घरी आली की खुर्चीचा हात, पडद्याची दोरी, जे सापडेल त्यावर दोऱ्याच्या गाठी मारत बसायची. आई वैतागायची. म्हणायची, "या घरात आता नाडीसुद्धा सुखानं सुटत नाही."

धाक होता तो तिला सर्जरी शिकवणाऱ्या मोठ्या सरांचा. गाठ सैल दिसली की ते बोलत नसत. हातातला चिमटा तिच्या मनगटावर मारत.

टक.

की गाठ पुन्हा मारायची.

मग सर अचानक गेले. ताई कितीतरी दिवस नीट जेवली नाही.

त्यानंतरचा एक रविवार. भरदुपार. बाईकवरून पडलेला एक तरुण आला, पोटात प्लीहा फुटलेली. वरिष्ठ डॉक्टर वाटेत अडकलेले. ताईनं पहिल्यांदाच एकटीनं पोट उघडलं.

प्लीहा काढली. रक्तवाहिन्या बांधल्या. शिवायला सुई मागितली...

टक.

तिच्या मनगटावर.

सिस्टरचे दोन्ही हात ट्रेवर होते. भूल देणारे डॉक्टर मॉनिटरकडे बघत होते.

ताईनं पुन्हा आत पाहिलं. मोठ्या रक्तवाहिनीवरची गाठ... सरकत होती. तिनं ती नव्यानं मारली. पोरगा वाचला.

हातमोजा काढला, तर मनगटावर निळा डाग.

पुढं हे होतच राहिलं. ताईला भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर आधारही वाटायचा. तिचा हातगुण चांगला, असं सगळे म्हणू लागले.

गेल्या महिन्यात तिनं एका शिक्षकांचं ऑपरेशन केलं. टक झालं नाही. ताईनं निर्धास्तपणे पोट शिवलं.

संध्याकाळी ते गेले. आतली गाठ सुटली होती.

आता सिस्टर सुई पुढं करते आणि ताई घेतच नाही. नुसती थांबून राहते.

मी विचारलं, कशाची वाट बघतेस?

"आवाज आला नाही, तर मी काय समजायचं?" ती म्हणाली. "गाठ पक्की आहे, की सर आता येत नाहीत?"

काल ती घरी आली. खुर्चीच्या हातावर एक गाठ मारली, मनगट पुढं केलं, आणि ऐकत बसली...

मीही श्वास रोखून ऐकत होतो.

काहीच आवाज आला नाही.

ती आत गेल्यावर मी दोरा हलकेच ओढून पाहिला.

गाठ सैल होती.