खबर देणारा

तालीमात म्हणजे शिक्षण खात्याचा हुकूम आला तेव्हा बद्रीनाथ हेडमास्तर लहानग्यांना चिंचोके मांडून बेरीज शिकवत होते. त्यांनी पाकीट लगेच फोडलं नाही. सात आणि पाच किती होतात हे शेवटच्या पोराच्या चेहऱ्यावर उमटेपर्यंत ते थांबले. मग चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला आणि पाकीट उघडलं.

हुकूम उर्दूत होता आणि छोटा होता. शाळेतल्या प्रत्येक नोकराची तो मुल्की असल्याची खात्री करून महिनाअखेर तक्ता पाठवावा. ज्याला निजामाच्या मुलखात पंधरा वर्षं राहिल्याचं दाखवता येणार नाही तो गैरमुल्की समजावा आणि त्याला कामावरून कमी करावं. असा माणूस कामावर ठेवल्यास हेडमास्तरांना जबाबदार धरलं जाईल.

तीर्थपुरीच्या त्या सरकारी शाळेत नोकर दोनच होते. स्वतः बद्रीनाथ पैठणचे. त्यांच्या चार पिढ्या तिथल्याच, कागद पेटीत तयार होता. प्रश्न दुसऱ्याचा होता. मच्छिंद्र मास्तर चोवीस वर्षांचा, शाळेत येऊन त्याला तीन वर्षं झाली होती. तो आल्यापासून पटावरची मुलं चौदाची एकेचाळीस झाली होती. कापूस वेचायच्या दिवसांतही पोरं शाळा सोडत नव्हती, असं त्या गावात पूर्वी कधी झालं नव्हतं. तो गेला तर दुसरा मास्तर कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. मिळाला तरी असा मिळणार नव्हता.

दुपारी त्यांनी मच्छिंद्रला समोर बसवलं.

"जालन्याच्या शाळेचा दाखला हाय माझ्याकडं," मच्छिंद्र म्हणाला. "फसली सन तेराशे बत्तीसचा."

"आता शेहेचाळीस चालू आहे. चौदा वर्षं झाली. एक कमी पडतं रे."

"त्याच्या आधी मी हितंच व्हतो, गुरुजी. या गावात. मानमोडीच्या साली माय मला घेऊन वऱ्हाडातून आल्ती. मी सहा वर्षांचा असंन. साथीच्या भ्यानं बाहेरच्यांना गावात घेत नव्हते, म्हून आमची झोपडी ओढ्याच्या पल्याड. माय रोजानं जायची, आज या शिवारात, उद्या त्या. ती वारली मंग मी कापसाच्या गाडीसंगं जालन्याला गेल्तो."

"तुला कोण ओळखायचं?"

मच्छिंद्र हसला. त्याच्या डाव्या भुवईत एक पांढरी फट होती, हसला की ती रुंद व्हायची. "पोरं. पाच-सहा पोरं दुपारची ओढ्यावर यायची. वाळूत काडीनं अक्षरं गिरवून घ्यायची माझ्याकडून. कुणाची व्हती, तवा ठाव नव्हतं. मोठा झाल्यावर लई शोधली, तवा सापडली न्हाईत. साथीत गेली असतील, असं वाटायचं. त्यांचं देणं फिटावं म्हून तर मास्तर झालो, गुरुजी."

"पोरं काही साक्षीला चालत नाहीत."

"ठाव हाय."

दुसऱ्या दिवसापासून बद्रीनाथ शाळा सुटल्यावर घरोघर फिरले. साक्षीदाराला विचारायची त्यांची पद्धत परीक्षेसारखीच होती. प्रत्येकाला वेगळं गाठायचं, तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारायचे आणि उत्तर आपण होऊन सुचवायचं नाही. ओढ्यापलीकडं झोपडी होती का? बाई कोण होती? मूल होतं का?

झुंबरबाई गावात सगळ्यांत म्हातारी. ती उन्हाला बसून ज्वारी पाखडत होती.

"मास्तर, आता पोरं पुरंना म्हून म्हाताऱ्यांची शाळा भरवून राह्यले काय?"

"भरवतो की. तुम्ही पहिल्या बाकावर. मानमोडीच्या साली ओढ्यापल्याड कुणी राहत होतं का, एवढंच सांगा."

तिचं सूप थांबलं. "त्या साली वढ्याकडं कोण बघतंय, बाबा? माझ्या घरातून नऊ दिसांत चार गेले. पल्याडची माणसं जित्ती हायेत का मेली, कुणी इचारलं न्हाई." सूप पुन्हा उचलून ती म्हणाली, "इचारायला पाह्यजेल व्हतं."

सतरा घरं झाली. कुणाला काहीच आठवत नव्हतं. पारावर एकानं सुचवलं की वाटूरला सही करणारे मिळतात, म्हणाल ते लिहून देतात. बद्रीनाथांनी पागोटं सारखं केलं आणि ते उठून आले. जे आपण पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हे ते बावीस वर्षं मुलांना शिकवत आले होते.

तक्ता पाठवायला आठ दिवस उरले होते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दुपारच्या सुटीनंतर काही मुलं उशिरा येतात आणि त्यांच्या बोटांना ओली वाळू असते.

"सगुणा, कुठं होता गं तुम्ही?"

सगुणा नऊ वर्षांची. ती डाव्या हातानं लिहायची आणि त्याबद्दल कुणी चिडवलं तर त्याच हातानं ठेवून द्यायची. "वढ्यावर, गुरुजी. पल्याडच्या पोराला शिकवून राह्यलो."

"कोणत्या पोराला?"

"झोपडीतल्या. त्याला काहीच येत न्हाई. क ला पोटच काढत न्हाई."

"नाव काय त्याचं?"

मुलं एकमेकांकडं बघून खुदखुदली. शेवटी अलीमनं सांगितलं, "मच्छिंद्र. आपल्या मास्तरांचं हाय तेच."

बद्रीनाथांना आधी ही थट्टा वाटली. मुलांना कुणीतरी कानमंत्र दिला असेल, असंही वाटलं. मग त्यांनी नेहमीसारखंच केलं. पाच मुलांना पाच कोपऱ्यांत बसवलं, पाट्या दिल्या आणि त्या पोराबद्दल जे जे पाहिलं ते लिहायला सांगितलं. एकमेकांकडं बघायचं नाही.

पाट्या गोळा केल्या. पाचही पाट्यांवर लिहिलं होतं की आई तापानं पडून आहे. तिघांनी लिहिलं होतं की झोपडीला ज्वारीच्या कडब्याचं दार आहे. अलीमच्या पाटीवर एक ओळ जास्त होती: *काल तो दगडावर पडला. भुवईतून रक्त आले. सगुणाने दगडीपाला चोळून लावला.*

"कोणती भुवई?" त्यांनी विचारलं.

अलीमनं बोटानं स्वतःची डावी भुवई दाखवली.

पलीकडच्या खोलीत मच्छिंद्र मास्तर मोठ्यांना कविता म्हणून दाखवत होता. बद्रीनाथांनी पाचही पाट्या स्वतःच्या हातानं पुसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मुलांबरोबर गेले.

ओढा गावाच्या खालच्या अंगाला. पाणी म्हणजे मधोमध बोटभर धार, बाकी पिवळी वाळू. पलीकडं करंजाची दोन झाडं आणि त्यांच्यामागं मोकळं रान. गेल्या बारा वर्षांत बद्रीनाथ इथून शेकडो वेळा गेले होते. तिथं झोपडी नव्हती.

ऊन लख्ख होतं. मुलं पुढं पळाली. धार ओलांडताना बद्रीनाथांनी वहाणा हातात घेतल्या आणि खाली बघत पाऊल टाकलं. पाणी अपेक्षेपेक्षा गार होतं. त्यांनी मान वर केली तेव्हा करंजाचं झाड एकच होतं, तेही लहान. त्याच्यामागं कडब्याचं दार लावलेली झोपडी होती आणि धूर वर न जाता जमिनीलगत पसरला होता.

गावाकडून कसलाच आवाज येत नव्हता. कुत्रं नाही, मोट नाही. दूर कुठंतरी एकच बाई रडत होती, थकून रडावं तशी.

सगुणा वाळूत बसली होती. तिच्यासमोर सहा वर्षांचं एक पोर. अंगात मोठ्या माणसाची बंडी, गुडघ्यापर्यंत आलेली. भुवईवर हिरवा पाला वाळून चिकटला होता.

"हे आमचे मोठे गुरुजी," सगुणा म्हणाली. "भिऊ नको. मारत न्हाईत."

पोरानं त्यांच्याकडं पाहिलं. मग वाळूकडं पाहिलं. मग काडी पुन्हा वाळूत टेकवली.

बद्रीनाथ खाली बसले. घाबरावं की काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, पण समोर एक मूल ग चुकीचा काढत होतं. त्यांनी त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. हात हाडकुळा होता, उबदार होता आणि बोटांच्या बेचक्यात वाळू होती. दोघांनी मिळून एक ग काढला. मग दुसरा. तिसरा पोरानं एकट्यानं काढला आणि तो हसला.

झोपडीतून बाईनं खोकत हाक मारली. पोर उठून पळालं. दारातून वळून त्यानं विचारलं, "उद्या?"

"येईन," बद्रीनाथ म्हणाले.

धार ओलांडून अलीकडं आल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं. करंजाची झाडं दोन होती.

ते रोज गेले. मच्छिंद्रला ते बोलले नाहीत. बोलायचं काय, हेच त्यांना कळत नव्हतं. रात्री मात्र तक्त्यासमोर बसले की पेच पडायचा. मच्छिंद्रला या गावात लहानपणी पाहिलेला माणूस आता होता, ते स्वतःच. पण तो माणूस स्वतः या गावात तेराशे चौतीस साली आला होता, हे सरकारच्या दप्तरात लिहिलेलं होतं. साक्षीचा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

शेवटच्या दिवशी अंबडच्या तहसिलातून तक्ते तपासणारे अजमत गिरदावर घोड्यावरून आले. उंच, ठणठणीत, दाढीला मेंदी लावलेले. त्यांनी शिपायाकडून एक लाल कापडात बांधलेलं दप्तर उतरवून घेतलं आणि कोरा रकाना पाहिला.

"मास्तरसाब, गवाह नाही?"

"नाही मिळाला. पण पोरगा खोटं बोलत नाही. त्याला कमी करू नका. हवं तर माझ्यावर ठपका ठेवा."

"ठपका ठेवून तक्ता भरतो का?" अजमत हसले. त्यांनी दारात उभ्या मच्छिंद्रला बसायची खूण केली. "मी गवाहाला विचारतच नसतो. वीस साल हेच काम करून राह्यलो. जिंदा आदमी दोस्तीत बोलतो, दुश्मनीत बोलतो. म्हणून मी मौतीची किताब आणतो. कोण मेला ते बघायचं न्हाई. खबर कोणी दिली ते बघायचं. त्याचं नाव, उमर, राहण्याचं गाव बराबर लिहिलेलं असतं, आणि तिथं झूठ लिहून कुणाला काय मिळणार?"

मच्छिंद्र एकदम उठला. "साब, ऱ्हाऊ द्या. मला कमी करा. माझी तक्रार न्हाई."

"बैठो."

"किताब उघडू नका."

बद्रीनाथ त्याच्याकडं बघत राहिले. तीन वर्षांत त्याचा आवाज इतका चढलेला त्यांनी ऐकला नव्हता.

अजमत गिरदावरांनी पानं उलटली. मानमोडीचं अठ्ठावीस साल दाट भरलेलं होतं. एकोणतीस विरळ. तीस सालावर त्यांचं बोट थांबलं.

"हे बघा. मिळालं." ते खुशीनं वाचू लागले. "खबर देणारा मच्छिंद्र, उमर आठ, राहणार हेच गाव, ओढ्यापलीकडं. दस्तखतसुद्धा आहे, अंगठा न्हाई! आठ वर्षांचं पोर. सोळा साल झाले, मास्तरसाब. तुमचा आदमी मुल्की. बिलकुल मुल्की."

"देवाची कृपा," बद्रीनाथ म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "साहेब, तुमचे फार उपकार झाले."

अजमत अजून वाचत होते. त्यांचं बोट ओळीवरून मागं सरकलं होतं. मग त्यांनी किताब हळूच हेडमास्तरांकडं वळवली.

मयताचं नाव: बद्रीनाथ मास्तर. गाव: माहीत नाही. उमर: चौपन्न. ठिकाण: ओढ्याची वाळू, भर दुपारी. अंगावर जखम नाही.

बद्रीनाथांनी ओळ पुन्हा वाचली.

"आपली उमर, मास्तरसाब?" अजमतनी विचारलं.

"बावन्न."

अजमत गिरदावरांनी किताब मिटली, लाल कापडात बांधली आणि गाठ दोनदा मारली. तक्त्यावर मच्छिंद्रच्या नावापुढं *मुल्की* लिहून त्यांनी सही केली. पाणीसुद्धा न घेता ते घोड्यावर बसले.

मच्छिंद्र भिंतीला टेकून उभा होता.

"पहिल्या दिवशी या शाळेत आलो, तवाच वळखलं तुम्हाला," तो म्हणाला. "तुम्ही इचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं, गुरुजी. तुम्ही इचारलं न्हाई."

"सरणाला लाकडं कुणी दिली?"

"कुणी न्हाई. मी अन मायनं वढ्याकाठची गोळा केली. दोन दिस लागले."

बद्रीनाथांना मूल नव्हतं. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. पुढचं सगळं कोण करील, हा विचार त्यांच्या मनात अधूनमधून येऊन जात असे आणि ते त्याला फार वेळ बसू देत नसत. आता तो विचार राहिलाच नव्हता. त्यांनी मच्छिंद्रच्या डोक्यावर हात ठेवला.

"कोणता महिना व्हता..." मच्छिंद्र सांगू लागला.

"नको. ते नको सांगूस. एवढंच सांग, तोवर तुला जोडाक्षरं येत होती?"

"सगळी येत व्हती, गुरुजी."

"मग झालं."

दुपारच्या सुटीची घंटा झाली. मुलं दारात येऊन थांबली होती. बद्रीनाथांनी खडूचा एक तुकडा खिशात टाकला, वहाणा घातल्या आणि त्यांच्या मागोमाग ते ओढ्याकडं उतरले.

पलीकडं पोर आधीच येऊन बसलं होतं. करंजाच्या सावलीत त्यानं अक्षरं गिरवायला वाळू हातानं सारखी केली होती आणि खडे वेचून बाजूला ठेवले होते. जागा बसण्यापुरती नव्हती. एक माणूस आडवा मावेल एवढी लांब होती.