पुसू का?

शारदा आली ती दिवेलागणीच्या जरा आधी. कडेवर बाळ, खांद्यावर त्याचं दुपटं, आणि चेहऱ्यावर काहीतरी मागायला आल्याचं हसू.

शारदा आमच्या वरच्या क्वार्टरमधली. इंदूरची पोर, मराठीत हिंदी कालवते पण मनाची गोड. म्हणाली, "काकू, याचं एक चित्र काढून द्या ना. सासूबाई फोटोला मना करतात. वर्षाचा व्हायच्या आत फोटो काढला तर आयुष्य घटतं म्हणे. पण चित्राने थोडीच काही होतं!"

मी लहान मुलांची चित्रं काढत नाही. आमच्या या कारखान्याच्या वसाहतीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हाताऱ्यांची काढते, गेलेल्यांची काढते, लोक ती भिंतीवर लावून हार घालतात. मुलांना मात्र नाही म्हणते, आणि लोक म्हणतात नलिनीबाई भाव खातात. म्हणू देत. का काढत नाही, ते मी शारदाला सांगितलं नाही, आणि आता जन्मभर पस्तावणार आहे. तुम्हाला सांगते. दिवा जरा मोठा करा, आणि घरात पोरंबाळं झोपली असतील तर एकदा बघून या. मग बसा.

माझं माहेर नागपूरजवळच्या उमरेडकडचं. आमच्या घरी विचारण्याला पुसणं म्हणत. वाट पुसायची, तब्येत पुसायची. सासर ग्वाल्हेरचं. तिथे पुसायचं ते फडक्याने. लग्न होऊन नवीनच आले होते तेव्हा सासूबाईंना म्हटलं, "तुम्हाला एक पुसू का?" तर त्या म्हणाल्या, "मी काय ओटा आहे?" अख्खं घर हसलं. माझे यजमान यशवंत, तेसुद्धा हसले. तेव्हापासून मी जीभ आवरून बोलायला शिकले.

आम्हाला मुलगा झाला. नऊ महिन्यांचा होता, तापाने गेला. त्याचा एकही फोटो नाही. बोरन्हाणाच्या दिवशी शेजारचे सदाशिवराव हौसेने कॅमेरा घेऊन आले होते, त्यांना सासूबाईंनी दारातूनच परत पाठवलं. आयुष्य घटेल म्हणाल्या. आयुष्य घटायचं ते घटलंच, फोटो तेवढा काढायचा राहिला.

तो गेल्यावर त्याचं नाव कुणी काढेना. यशवंत कारखान्यात ड्राफ्ट्समन, यंत्रांचे नकाशे काढायचे. घरी आले की जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. बायका नळावर मला पाहिलं की भाजीचे भाव काढायच्या. सासूबाई तर सरळ म्हणाल्या, "बरं झालं फोटो नाही ते. रोज कवटाळून बसली असतीस आणि पोळ्या मला लाटाव्या लागल्या असत्या. तुझ्या हातून एक पोर टिकलं नाही, निदान संसार तरी टिकव." मला रडण्याचीही चोरी होती. मला एकच वाटायचं, कुणीतरी पुसावं. कसा होता, हसायचा का, कुणावर गेला होता. कुणी म्हणून कुणी पुसलं नाही हो.

आणि एका सकाळी उठले तर त्याचा कान आठवेना. डोळे आठवत होते, जिवणी आठवत होती, कान गेला होता.  असाच तो तुकड्यातुकड्याने जाणार, हे मला तेव्हा कळलं. जायच्या आत त्याला कागदावर उतरवायचं, असं मी ठरवलं.

आता मला चित्रकला कुठली! रांगोळीपलीकडे हात गेला नव्हता. आनंद नगरला भाजी आणायला जायची, तिथल्या रद्दीवाल्याकडे एक पुस्तक मिळालं. घरबसल्या चित्रं शिकण्याचं, हिंदीतलं. मुखपृष्ठ फाटलेलं. प्रत्येक पानावर पायऱ्यापायऱ्यांनी चेहरा काढून दाखवलेला. आधी अंड्यासारखा गोल, मग त्यावर आडवी-उभी फुली, मग डोळे, नाक, ओठ. खाली सूचना ठरलेली, 'अंत में अनावश्यक रेखाएँ मिटा दें।' म्हणजे शेवटी नको त्या रेघा खोडून टाका. आणि शेजारी सरावासाठी रिकामी चौकट. आधीच्या मालकाने बऱ्याच चौकटींत सराव केला होता, पण एकही चेहरा ठेवला नव्हता. सगळे खोडून टाकलेले, आणि इतके घासून की कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ झाला होता. मला हसू आलं. म्हटलं, आपल्यासारखंच कुणीतरी ठोंब्या असणार.

सासूबाई दुपारी भजनाला जायच्या. तेवढा वेळ माझा. उन्हाळा लागला होता, बाहेर लूच्या गरम झळा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कूलर घरघरायचा, ओल्या वाळ्याचा वास घरभर. मी जाळीच्या दाराशी बसून गोल काढायची, फुली मारायची. पण माझं नऊ महिन्यांचं पोर कागदावर पेन्शनर दिसायचं. गाल तेच, डोळे तेच, तरी म्हातारा. रागाने दोनदा पेन्सिल मोडली.

मग ते पान सापडलं. 'शिशु की आँखें बीच की रेखा से नीचे बनाएँ।' डोळे मधल्या रेघेच्या खाली घ्यायचे, कपाळ मोठं ठेवायचं. एवढीशी गोष्ट. मी डोळे खाली आणले आणि कागदावरून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडात कोंबून रडले, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

त्या पानावरची चौकट मी रोज थोडी थोडी भरत गेले. चुकलेल्या रेघा तशाच ठेवायची, खोडायचा धीर व्हायचा नाही. पण सकाळी पाहावं तर चुकलेल्या रेघा गेलेल्या असायच्या. नेमक्या चुकलेल्याच. पानावर खोडरबराचा काळा चुरा. मला वाटलं, हे यशवंतांचं काम. दिवसा बोलवत नाही, रात्री उठून हात लावतात. मला त्यांची माया आली. एकदा म्हटलंही, "अहो, तुम्ही रेघा साफ करता ना?"

"कसल्या रेघा?" ते म्हणाले आणि कूस बदलली. मी म्हटलं, लाजतात.

चित्र पुरं झालं त्या दुपारी कानसुद्धा आठवला. वरच्या कडेला जरा दुमडलेला होता. तो काढला आणि पेन्सिल खाली ठेवली. तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला. इतकी शांतता झाली की मला माझ्या बांगड्यांचा आवाज दचकवून गेला. वाळ्याचा वास विरला आणि त्या जागी खोडरबराचा वास आला... रबर खूप घासलं की तापून येतो ना, तसा.

जाळीपलीकडे कुणी बाई उभी असावी. उन्हामुळे नुसती काळी आकृती दिसत होती.

"बाई... पुसू का?"

माहेरची बोली! कितीतरी दिवसांनी ऐकली. वाटलं, कुणी नागपूरकडची नवीन आली असेल, तिला कळलं असेल. 

"पूस की, बाई! इथे कुणी पुसत नाही गं."

"त्याचंच... पुसू?"

"हो, त्याचंच पूस."

 मग अगदी हळू, जाळीच्या अलीकडून आल्यासारखा आवाज आला, "सगळं?"

"सगळं पूस. काही ठेवू नको मनात."

मी पुस्तक उचललं, तिला चित्र दाखवावं म्हणून. चौकट कोरी होती. कागद हाताला गरम लागत होता आणि माझ्या मांडीवर चुरा पडत होता. मी डोळे मिटले, तो आठवावा म्हणून. मिटल्या डोळ्यांपुढे एक अंडं आलं. त्यावर आडवी-उभी फुली. बाकी काही नाही. जाळीबाहेर कुणीही नव्हतं.

यशवंत आले तेव्हा मी उंबऱ्यात बसले होते. त्यांचा हात धरून म्हटलं, "अहो, त्याचे डोळे कसे होते, सांगा. तुम्हाला तरी आठवत असतील."

"कुणाचे?"

"आपल्या बाळाचे."

ते माझ्याकडे अनोळख्यासारखे बघत राहिले. म्हणाले, "नलिनी, ऊन लागलं का तुला?" मी धावत आतल्या खोलीत गेले. पाळण्यासाठी छतात हूक ठोकला होता. हूक नव्हता. भोकही नव्हतं, वर जुना चुना तसाच. पेटीत त्याची झबली ठेवली होती, तिथे माझ्याच साड्यांची घडी होती.

सासूबाई भजनाहून आल्या आणि सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई गं, पोर झालंच नाही आणि मेलेलं कुठून आणलंस? एवढी वर्षं नवससायास केले, तुझी कूस काही उजवली नाही. आता वेड तरी लावून घेऊ नकोस."

काल-परवापर्यंत त्या मला म्हणत होत्या, तुझ्या हातून पोर टिकलं नाही. त्या दिवसापासून वांझ म्हणायला लागल्या. खरं सांगते, पहिला टोमणा मला परत हवा होता. त्यात तो होता.

त्याचं नाव मला आठवतं. ते मी लिहीत नाही आणि तोंडाने उच्चारत नाही. पुस्तकही टाकलं नाही. यशवंत म्हणाले, जाळ ते. कसं जाळू? त्या चौकटीत रेघ नाही, पण घासून पडलेला खोलगट भाग आहे, त्यावर बोट ठेवलं की लागतो. माझ्या मुलाचं जगात तेवढंच उरलंय. पुढे हात बसला, दुसऱ्यांचे चेहरे काढू लागले. खोडरबर घरात ठेवलं नाही.

तर शारदा. तिला मी नाही म्हटलं. ती हिरमुसली पण बसली. बाळ मांडीवर घेऊन गुडघा हलवत त्याला निजवत होती. मी चहा टाकायला आत गेले. पुस्तक एरवी कपाटात असतं. त्या दिवशी दुपारी मी त्या चौकटीवर बोट ठेवून बसले होते, म्हणून ते टेबलावर राहिलं, पेन्सिलीसकट.

"काकू, हे तर सोपं आहे!" ती बाहेरून म्हणाली. "आधी गोल, मग क्रॉस... मीच काढते याचं. डोळे नीचे घ्यायचे, हो ना?"

माझ्या हातून साखरेचा डबा सुटला. "शारदा, ठेव ते!" म्हणून मी ओरडले आणि वीज गेली.

अंधारात मला आधी तो वास आला. मग आवाज, जाळीच्या दाराकडून, तसाच, अजिजीचा.

"पुसू का?"

तिला वाटलं, मीच बोलले. इंदूरची पोर ती. तिच्या मराठीत पुसायचं म्हणजे खोडायचंच. हसून म्हणाली, "हो काकू, पुसा ना."

"शारदा, बोलू नकोस!" मी भिंत चाचपत निघाले. पायाखाली साखर करकरत होती.

"सगळं...?"

"सगळंच पुसा हो. मला कुठे जमतंय!"

मी काडी ओढून कंदील लावला. उजेड तिच्यावर पडला. टेबलावर पुस्तक उघडं होतं, चौकट कोरी. पदरावर काळा चुरा. दुपटं कुठेच दिसेना.

"शारदा," मी म्हटलं, "बाळ कुठे आहे?"

"कुणाचं बाळ, काकू?" ती म्हणाली. आवाजात जरा कीव होती. वसाहतीत माझ्याबद्दल जे बोलतात ते तिनेही ऐकलेलं असणार.

तिचा गुडघा अजून हलत होता. संथ, एका लयीत, रिकामा. मग तिने खाली पाहिलं. तिच्या पोलक्यावर दुधाचा ओला डाग पसरत चालला होता.

"अय्या, हे काय सांडलं माझ्यावर?" ती म्हणाली, आणि पदराने पुसायला लागली.