डाव्या पावलाचं बोट

कीर्तनाला बसणारी बाई आहे मी. टाळ-मृदंग ऐकलेल्या कानांना स्मरून सांगते, यातला एकही शब्द पदरचा नाही.

हे जिच्यावर गुदरलं ती गौतमी, माझी मावसबहीण. गाव घोटावडे, तालुका मुळशी. दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष, तिसरा गुरुवार. वेळ दिवेलागणीची.

गौतमी आणि तिचा नवरा दयानंद तेव्हा कोंडाजीआण्णांच्या घरात भाड्यानं राहत. भातखाचरांना लागून दोन खोल्यांचं पक्कं घर, पुढं अंगण. आण्णा स्वतः मात्र गावठाणातल्या जुन्या घरात एकटेच. किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली होती.

"नांदा सुखानं. फकस्त हितं दूध उतू घालू नका."

नव्या घरात शिरलो की आपण शेगडीवर दूध उतू घालतो. घर आपलं झालं, भरभराट होऊ दे, म्हणून. गौतमीला अट विचित्र वाटली. पण घर दुसऱ्याचं… तिनं मान डोलावली.

नवरा-बायकोत वाद एकच. तिला स्वतःचं घर घ्यायचं होतं, त्याला नको होतं. कंपनी आज इथं, उद्या कुठं, आणि हप्ते फेडता फेडता केस पिकायचे, हे त्याचं म्हणणं. कीर्तनाहून आला की वर आणखी ऐकवायचा, "अगं, हा देहच भाड्याचा हाय. खाली करा म्हणलं की करायचा."

"व्हय? मग बुवांना इचारा, त्यांचा बंगला बी भाड्याचाच हाय का."

दोघं हसायचे. वाद मात्र जागचा हलायचा नाही.

त्या गुरुवारी पिरंगुटला दिशाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. दिशा म्हणजे गौतमीची धाकटी जाऊ. घरात आली चार वर्षं मागून, आणि घर झालं तिचं आधी. तिनं हौसेनं ओटा दाखवला, कपाटं दाखवली, गॅलरी दाखवली. गौतमी "छान गं" म्हणत राहिली. आतून मात्र चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखं नुसतं धुमसत होतं.

पंगतीत कुणीतरी विचारलं, थोरलीचं घर कुठं?

"ताईंचं भाड्याचं आहे. बरं असतं, पसारा कमी," दिशा म्हणाली.

वाईट मनानं नाही म्हणाली. पण लागायचं ते लागलंच.

संध्याकाळी दयानंद घरी न थांबता देवळात हरिपाठाला गेला. गौतमीनं उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची लक्ष्मीची पावलं काढली. हातानं, ठशानं नाही. पाच-पाच बोटांची, आत येणारी.

मग शेगडीवर दूध ठेवलं.

दूध वर आलं… काठाशी थबकलं… आणि उतू गेलं.

"हे घर माझं हाय," ती मोठ्यानं म्हणाली.

ऐकायला कुणी नव्हतं.

निदान तिला तसं वाटलं.

सकाळी ती उठली आणि उंबऱ्यापाशीच थांबली.

पावलं बाहेर जात होती.

पुसलेली नाहीत. विस्कटलेली नाहीत. फक्त तोंड फिरवलेली.

आणि प्रत्येक डाव्या पावलाला… बोटं चारच. अंगठ्याशेजारचं बोट नव्हतंच.

दयानंद उठायच्या आत तिनं सगळी फरशी पुसून काढली.

तेव्हापासून दिवे लावायच्या वेळी घरात करपलेल्या दुधाचा वास यायचा. गॅस बंद. पातेलं कोरडं. तरी वास…

उंबऱ्याला हळद-कुंकू लावावं, तर वळून बघेस्तोवर कुणी बोटानं निपटून काढल्यासारखं नाहीसं.

मग आवाज. फरशीवर जोडव्याचा.

टक्…

मग नुसतं पाऊल.

टक्…

मग नुसतं पाऊल.

एकाच पायात जोडवं घातलेली बाई चालावी तसं.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. फ्लॅट घ्यायला लावायचं म्हणून सोंग करतेस, असंच म्हणाला असता तो. तिनं पाच दिवस ओठ मिटून काढले.

पाचव्या संध्याकाळी ती अंगणात तुळशीपाशी दिवा लावत होती. दयानंद कामावरून आला, घरात शिरला आणि उलट्या पावली बाहेर आला. तोंडाचं पाणी पळालेलं.

"तू हितं हायेस… मग ओट्यापाशी पाठमोरं कोण उभं हाय?"

दोघं आत गेले. कुणी नव्हतं.

ओट्यासमोर फरशीवर दुधाचं एक ओलं पाऊल होतं. डावं. चार बोटांचं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी आण्णांचं घर गाठलं. गौतमीनं सगळं कबूल केलं. आण्णांनी कातरायला घेतलेली सुपारी खाली ठेवली. मग त्यांनी तुळजाबाईचं सांगितलं. ती त्यांची बायको. उभा जन्म दिरांच्या घरात काढला तिनं. जावांची एकेक करून घरं उभी राहिली, तसा हिनं हट्टच धरला. खाचरालगतचं ते घर बांधताना डोक्यावरून विटा वाहिल्या, भिंतींना पाणी मारलं. कधीतरी भात कापताना विळ्यानं डाव्या पायाचं बोट गेलं होतं, तेव्हापासून जोडवं एकाच पायात. वास्तुशांतीला आठ दिवस उरले आणि तापाचं निमित्त होऊन ती गेली. दूध उतू घालायचं राहिलं ते राहिलंच.

"वाईट न्हवती ती. पर दुसरीचं घर बघितलं की काळीज जळायचं तिचं," आण्णा म्हणाले. मग गौतमीकडं बघून हळूच, "कसं असतं ते तुला ठावं असंल, पोरी."



घर सोडताना ती उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणाली, "बाई, चुकले. तुमचं घर तुमचंच ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर दयानंदच्या तोंडून भाड्याच्या देहाची गोष्ट कुणी ऐकली नाही. लवळ्याच्या बाजूला फ्लॅट त्यानंच शोधला.

वर्षभरानं तिथं वास्तुशांत झाली. मी होते. गौतमीनं पावलं काढली तेव्हा रांगोळीचा डबा माझ्याच हातात होता. दूध उतू गेलं, बायकांनी कौतुक केलं. दिशा गॅलरीतून डोंगर बघून आली. आमच्या गॅलरीतून समोरची भिंत दिसते, म्हणाली, आणि हसली. ते हसू मी ओळखलं. ओलं लाकूड…

मग ती खाली वाकली.

"ताई, डाव्या पावलांना एक बोट काढायचं राहिलं का?"

गौतमीनं बघितलं. मी बघितलं.

पावलं सगळी आत येणारी होती. डावी सगळी… चार बोटांची.

माझ्या डोळ्यांदेखत पाच काढली होती तिनं.

दयानंदला तिनं अजून सांगितलेलं नाही. माझ्याशीही त्यावर कधी बोलली नाही. पण गेल्या महिन्यात मी तिच्याकडं गेले. तिन्हीसांजेची वेळ. तिनं मला चहा दिला, शेगडीवर दूध ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन निवांत बसली. बराच वेळ झाला तरी उठेना.

"अगं, दूध उतू जाईल," मी म्हटलं.

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या हायेत तितं."

आतून आवाज आला.

टक्…

मग नुसतं पाऊल.

मी चहा अर्धाच ठेवला. जिना उतरताना तोंडात नाम होतं, पण हात कठड्यावरून सुटत नव्हता.

आम्हीही भाड्यानंच राहतो. आपलं घर कधी घ्यायचं, असं आमचे हे अलीकडं वरचेवर विचारतात.

मी काहीतरी निमित्त काढून उठते.