कापड टाकायच्या आधी

पहिल्यांदा मला तो दिसलाच नाही, दिसली ती त्याची सात फुटी पांढरी फळी. मी शेडमध्ये लग्नाच्या मांडवातल्या फायबरच्या हत्तीची सोंड घासत बसले होते आणि दारातून ती फळी आडवी आत शिरू बघत होती.

"उभी करा की," मी म्हणाले. "आडवं काहून शिरून राहिले?"

फळी उभी झाली आणि तिच्यामागून एक घामेजलेला, सावळा चेहरा निघाला. "फायबरचं काम करणारे संतराम मिस्त्री इथंच..."

"ते माझे आबा. कंबर धरली त्यांची, आता काम मी बघते. मंजुषा. हे काय, दार हाय का?"

"सर्फबोर्ड."

आमच्या डोंगरकडा गावात हा शब्द बोलणारा तो पहिलाच असावा. मला हसू आवरेना. "अन् समुद्र कुठं ठिवला? टेम्पोत?"

"सध्या इसापूरच्या धरणावर भागवून राहिलो," तो गंभीरपणे म्हणाला. डोळे मात्र हसत होते.

नाव जगन. गाव धरणाकाठी. दोन वर्षं कोकणात, लाटांवर उभं राहायला शिकवतात तिथं कामाला होता आणि स्वतःही शिकून आला होता. बारा दिवसांनी तिकडंच शर्यत होती – बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी कापत जायचं. बोर्ड ज्यानं त्यानं स्वतः घडवलेला हवा. दोन महिने खपून त्यानं थर्माकोलच्या ठोकळ्यातून हा आकार काढला होता. आता त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड आणि वाळून टणक होणारं रेझिन चढवायचं, म्हणून तो माझ्याकडं आला होता.

"फक्त एक," तो चाचरत म्हणाला. "थर्माकोलला साधं रेझिन चालत न्हाई म्हणतात..."

झालं, माझं डोकं फिरलं. दहावीपासून मी हे काम करतेय. हत्ती केले, मोर केले, मोटारीची झाकणं केली, आणि हा कोण मला शिकवणार? आमचे साचे प्लास्टरचे, थर्माकोलशी माझा कधी संबंधच आला नव्हता, पण हे कबूल कोण करणार?

"बघा मग," म्हणत मी रेझिनचा ब्रश सरळ त्याच्या फळीवर फिरवला.

चर्रर्र आवाज आला. पांढरं थर्माकोल डोळ्यांदेखत वितळलं आणि फळीच्या मधोमध ताटलीएवढा खड्डा पडला.

जगन फळीवर वाकला. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन उलट दिल्या असत्या. तो नुसता त्या खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू द्या," शेवटी तो म्हणाला. "नवीन करायला आता दिवस न्हाईत."

"राहू कसं द्या? खड्डा मी पाडला, मीच भरणार. बोर्ड इथंच ठिवा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नांदेड गाठलं. थर्माकोलला न खाणारं इपॉक्सी रेझिन आणलं आणि पोकळ काचेची पिठासारखी हलकी पांढरी भुकटी आणली. परत आल्यावर खराब भाग चौकोनी कापून काढला. जगननं उरलेल्या ठोकळ्यातून तेवढाच तुकडा आणला होता, तो घासून घासून घट्ट बसवला. मग खरं काम सुरू झालं. थर्माकोलच्या दाण्यादाण्यांमध्ये बारीक फटी असतात. त्या बुजवल्या नाहीत तर बोर्ड सगळं रेझिन पिऊन टाकतो आणि जड होतो. म्हणून रेझिनमध्ये ती भुकटी कालवून लुगदी करायची, पातळ हातानं भरायची, जास्तीची खरवडून काढायची, वाळली की घासायची.

जगन सकाळी धरणात पोहून हातांचा सराव करायचा आणि दुपारी माझ्याकडं यायचा. आम्ही समोरासमोर बसून जुन्या एटीएम कार्डानं लुगदी भरायचो. गावात हळद शिजत होती, तिचा उग्र वास शेडभर असायचा.

"आणखी एक हात जाड मारू," तो म्हणायचा. "लवकर होईल."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," माझ्या तोंडून गेलं... आणि माझे कान तापले.

तो मान खाली घालून खरवडत होता. "बाशिंग कुठं मिळतं इकडं?"

"काम करा."

"करून राहिलो की. तुमीच थांबल्या."

खरंच थांबले होते. त्याच्या भुवईवर पांढरी भुकटी बसली होती आणि मी तीच बघत होते. चौथ्या दिवशी 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

सहाव्या दिवशी तो सहज बोलून गेला, "पहिल्या पाचात आलो तर तिथं कायमची नोकरी देतो म्हणले."

"कायमची?" मी विचारलं.

"व्हय."

माझ्या हातातलं कार्ड जागेवरच थांबलं. म्हणजे मी हे जे जीव लावून भरत होते, ते त्याला इथून घेऊन जाणार होतं.

आठव्या दिवशी सगळ्या फळीला रेझिनचा पातळ हात द्यायचा होता. एक गोष्ट मी एव्हाना शिकले होते. हा हात ऊन उतरताना द्यायचा. तापत्या उन्हात दिला तर थर्माकोलमधली हवा फुगते, रेझिनमधून बुडबुडे फुटतात आणि बारीक भोकं राहून जातात. मग वरचं कापड चढवताना त्या भोकांतून रेझिन आत मुरतं आणि बोर्ड जड होतो.

सकाळी दहाला मी एकटीच होते. वरचे पत्रे तापायला लागले होते. ब्रश हातात होता. आत्ता लावलं तर जगन हरेल आणि इथंच राहील, आणि हे कुणाला कधी कळणारही नाही... खोटं कशाला सांगू, मी डबा उघडला होता.

मग झाकण घट्ट लावलं आणि हत्तीची सोंड रंगवायला घेतली. संध्याकाळी पाचपर्यंत त्या फळीकडं ढुंकून पाहिलं नाही. जगन आला, पत्रे निवले आणि दोघांनी मिळून हात दिला. एकही बुडबुडा आला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी कापड टाकायचं होतं. फळी घासून गुळगुळीत झाली होती. मला राहवेना.

"जगन, काल सकाळी मी हे बिघडवणार होते. तू जाऊ नये म्हणून."

तो बघतच राहिला. "मग काहून न्हाई बिघडवलं?"

"एकदा चुकून बिघडवलं, ते भरता आलं. मुद्दाम बिघडवलं असतं तर तुझ्याकडं बघायची सोय राहिली नसती. अन् मला तुझ्याकडं बघायला आवडतं. आता कळलं?"

"मग मी जातच न्हाई."

"जायचं," मी ठणकावलं. "नऊ दिवस हात सोलून काढले मी. पहिल्या पाचात यायचं. बाकीचं नंतर बघू."

असं म्हणून मी तोंड फिरवलं आणि कोपऱ्यात जाऊन रेझिन कालवायला घेतलं. डोळे पुसायला तेवढाच आडोसा. परत आले तर जगन फळीजवळ ओणवा होता, हातात पेन्सिल. पांढऱ्या फळीवर त्यानं लिहिलं होतं – 'मंजुषा, शर्यत झाल्यावर मायला आन् दादाला मागणी घालायला पाठवू का?'

"कापड टाकलं की हे कायमचं आत राहतं," तो हळूच म्हणाला. "पुसायचं असंल तर आत्ताच पूस."

कालवलेलं रेझिन थांबत नाही, वीस मिनिटांत दगड होतं. माझ्या हातातला डबा कोमट झाला होता. मी तो खाली ठेवला, त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं – 'पाठव. पण काम मी सोडणार न्हाई.'

जगननं ते दोनदा वाचलं. "सोड म्हणणारा मी कोण?" म्हणत त्यानं कापडाचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. पांढऱ्या कापडाखाली दोन्ही ओळी झाकून गेल्या. मी रेझिन ओतलं आणि मधून कडेला ओढत नेलं. रेझिन भिनलं तसं कापड काचेसारखं झालं, आणि आमची दोघांची अक्षरं खालून हळूहळू वर दिसायला लागली.